सहाशे की पाचशे नव्याण्णव

"दोघी जाणार असाल तर खुशाल जा," मामंजी म्हणाले. "पण एकटीला मी धाडणार नाही. एस्टीनं पाऊण तास, वर स्टँडपासून चालत. लोक काय म्हणतील?"

मी पेपरातलं कात्रण घेऊन दुकानाच्या बैठकीपाशी उभी होते. विद्यापीठानं त्या वर्षी नवा वर्ग काढला होता. पायाभूत वर्ष, विषय इतिहास. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांनी एक वर्ष इथं शिकायचं, आणि पास झालं की इतिहास घेऊन बी.ए.ला थेट दाखला. वयाची अट नाही. ते कात्रण मी आठ दिवस पोलक्यात जपलं होतं. घामानं त्याची शाई पुसट झाली होती.

"दुसरी कोण जाणार?" मी विचारलं.

मामंजींनी स्वयंपाकघराकडं बघितलं. आत माझी धाकटी जाऊ वैजयंता कणीक मळत होती.

"वैजू जाईल की सोबत."

"मी?" वैजू तसेच कणकेचे हात घेऊन दारात आली. "मला नका बाई, मामंजी. मला वर्गात झोप येते. सातवीला मी झोपूनच पास झाले."

सगळे हसले. मीही हसले. मीच तिला म्हणाले, "चल गं माझे आई. नुसती शेजारी बस. झोप काढ पाहिजे तर, मी उठवीन." चार दिवस तिच्या मागं लागले. तिच्या वाटणीची भांडी घासली, तिच्या पोराला अंघोळी घातल्या, तेव्हा बाईसाहेब तयार झाल्या. म्हणजे बघा, स्वतःच्या हातानं मी हा धोंडा पायावर पाडून घेतला.

मी तेव्हा बत्तीसची. वैजू चोवीसची. वारणाकाठच्या आमच्या गावात आमचं कासाराचं दुकान, पेठेतलं सगळ्यांत जुनं. मामंजींच्या हाताला कंप सुटल्यापासून बांगड्या भरायचं काम आम्हां दोघी जावांकडं आलं होतं. आमचे मालक आणि भाऊजी माल आणायचे, बाजार करायचे. पण काचेची बांगडी बाईच्या हातात न वाढवता चढवणं हे काही त्यांच्या हातात नव्हतं. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

नववीत माझी शाळा सुटली. इतिहासात मी शाळेत पहिली होते, आणि बक्षीस समारंभाच्या आदल्या आठवड्यात वडिलांनी नाव काढलं, कारण आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात मी थोरली. बक्षीस कुणी घेतलं कोण जाणे. लग्नानंतर बांगड्यांच्या पेट्यांत फिरोजाबादहून हिंदी रद्दी यायची, ती पण मी वाचत बसायची. अठरा वर्षं मी त्या वर्गाची वाट बघत होते. वैजू चार दिवस.

वर्गात आम्ही बावीस जण होतो. पहिल्या बाकावर खोतमामा, रिटायर कंडक्टर. त्यांना अजून कुणी बोलायला लागलं की "पुढं चला" म्हणायची सवय. शिकवायला माणगावे सर. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, आणि कोटाच्या खिशात कायम खडू. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "इतिहास पुस्तकात नसतो. कागदात असतो. आणि कागद मोडीत असतो. तेव्हा आधी मोडी."

मी मोडीची बाराखडी पंधरा दिवसांत पाठ केली. पहाटे उठून पाटीवर गिरवायची, पुसायची, परत गिरवायची. वैजू पहिल्या आठवड्यात खरंच झोपली. मी कोपरानं ढोसून तिला उठवायची.

मग एक दिवस सरांनी खरा कागद फळ्यावर टांगला. शाई उडालेली, अक्षराला अक्षर चिकटलेलं. कुणालाच वाचता येईना. मला बाराखडी तोंडपाठ, पण कागदावर एक अक्षर ओळखीचं दिसेना. आणि शेजारून आवाज आला.

"'देशमुख'. मग 'व देशपांडे'. मग काहीतरी 'यांसी'."

वैजू होती. डोळ्यांवरची झोपसुद्धा गेली नव्हती.

"कसं ओळखलंत?" सरांनी विचारलं.

"अक्षर नाही बघितलं सर. हात कुठं वळला ते बघितलं. आम्ही बांगडी भरतो ना, तर हाड कुठं अडतं ते बोटाला कळतं. तसंच हे. लिहिणाऱ्याचा हात इथं अडला, मग इथनं खाली उतरला."

माणगावे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वा! हेच मी इतकी वर्षं सांगायला बघतोय आणि मला सांगता येत नव्हतं."

खोतमामांनी वळून मान डोलावली. मी पण हसून वैजूच्या पाठीवर थाप मारली. आणि आतून जी जळजळ उठली ती सांगायची सोय नाही. बांगड्या काय मी भरत नव्हते? तिला बांगडी भरायला शिकवलं कुणी? मी! लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी डझनभर राजवर्खी बांगड्या वाढवून बसली होती रडत. आणि आता ही मेली सरांना हाड शिकवतेय.

त्यानंतर ती कधी झोपली नाही. ते तर आणखी वाईट.

घरी आल्यावर मी वह्या घेऊन कोपऱ्यात बसायची. ती भाकरी थापता थापता सगळ्या घराला आज काय झालं ते सांगायची, सरांची नक्कल करून. मामंजी पोट धरून हसायचे. "मग? मग त्या सरदाराचं काय झालं?" विचारायचे. माझ्या वह्या कुणी उघडून बघितल्या नाहीत. चाचणीचे मार्क यायचे. कधी मी एकानं पुढं, कधी ती. मी दहा तास वाचून, ती दोन तास. सर म्हणायचे, "दोघी जावा म्हणजे वर्गाची बैलजोडी." मला त्या जोडीत राहायचंच नव्हतं. मला एकटीला जुंपा की.

फेब्रुवारीत लग्नसराई सुरू झाली आणि एका संध्याकाळी मामंजींनी आम्हां दोघींना बैठकीपाशी बोलावलं. एक हात दुसऱ्या हातानं दाबून धरला होता. कंप वाढला होता.

"यंदा दोघी गेलात, निभावलं," ते म्हणाले. "पण पुढची तीन वर्षं दोघी जाणार असाल तर दुकानाला कुलूप लावावं लागेल. माझ्यानं आता मोजदादसुद्धा होत नाही. एकीनं जायचं, एकीनं बसायचं."

"कुणी जायचं?" मी विचारलं.

"मी कशाला वाईट होऊ? जिला मार्क जास्त ती जाईल."

वैजू पटकन म्हणाली, "अक्का जातील की, मामंजी. मी बसते दुकानात."

"मार्कांवर," मामंजी म्हणाले. "उगाच दानधर्म नको. पुढं दोघींच्या मनात राहतं."

मला तिचा राग आला. ती सोडायला तयार झाली म्हणून आला. हिला ते सोडता येत होतं! मला स्वप्नात सुद्धा सोडता येत नव्हतं, आणि ही ताटातली भाकरी सरकवावी तशी सरकवत होती.

मार्चमध्ये लेखी परीक्षा झाली. मला दोनशे चौदा, तिला दोनशे तेरा. उरली वीस मार्कांची कागदाची परीक्षा. सरांनी सगळ्यांना एकाच कागदाची झेरॉक्स दिली. आठ दिवसांत वाचायचा, साल काढायचं, लिहून द्यायचं, आणि मग वर्गासमोर तोंडी उत्तरं. एकमेकांना दाखवायचा नाही.

नेमका कागद कासाराला लिहिलेला निघाला. कुण्या घरच्या बाईंनी लिहवून घेतलेलं चार ओळींचं पत्र. मला ते अजून पाठ आहे.

"घरीं डाळ पन्हें सिध जाहलें. सुवासिनी जमल्या आहेत. पाऊस बहुत जाहला, ओढियास पाणी आलें, सबब तुमचीं माणसें अडलीं असतील. तरी पाणी उतरतांच चुडा देऊन कासारीण पाठवणें."

वर साल होतं, अरबी शब्दांत, जुन्या कागदांत असतं तसं. सीत सबैन मया व अलफ. म्हणजे त्या काळच्या कागदांत चालायचा त्या शुहूर सनाचं अकराशे शहात्तर. महिन्याची जागा मात्र वाळवीनं खाल्लेली.

आता इथं एक गोम आहे. शुहूर सनाचं वर्ष मृगाला सुरू होतं. कागद मृगानंतरचा, म्हणजे पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचा असेल, तर त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे की आपलं इंग्रजी साल मिळतं. जानेवारीपासून मृगापर्यंतचा असेल तर सहाशे. एका वर्षाचा फरक. सरांनी हे पन्नास वेळा घोकून घेतलं होतं. महिना नसेल तर ऋतू शोधा, म्हणायचे.

मी कागद वाचला आणि मला 'पाऊस' दिसला. ओढ्याला पाणी आलं म्हणजे पावसाळा. मृग लागून गेला. पाचशे नव्याण्णव. सतराशे पंचाहत्तर. मी लाल शाईनं खाली दोन रेघा मारल्या. इतका आनंद मला लग्नात सुद्धा झाला नव्हता.

रविवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी बांगड्यांची मापं लावत होते. वैजू कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"अक्का, दाखवायचा नाही म्हणालेत सर. पण नुसतं एवढंच सांगा. किती मिळवायचे हो? मला वाटतं पाचशे नव्याण्णव. पाऊस आहे ना यात."

माझ्या हातातली बांगडी हातातच राहिली. हिला सापडलं होतं. माझ्या दोन लाल रेघा हिला पण सापडल्या होत्या. उरलेल्या वाचनात ती माझ्यापेक्षा सरस ठरणार हे मला ठाऊक होतं. एक मार्क काय, ती चार मार्कांनी पुढं जाईल. आणि मग तीन वर्षं रोज सकाळी मी इथं बसून तिला एस्टीला जाताना बघायची.

"छे गं," मी म्हणाले. "सहाशे."

"सहाशे? पण पाऊस?"

"पावसाचं काय घेऊन बसलीस. सहाशेच. कारण आहे त्याला."

"काय कारण?"

"सगळं मीच सांगू का? कागदात आहे. शोध म्हणजे सापडेल."

मी वर न बघता पुढच्या बांगड्या मापाला लावल्या. तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल." आणि उठून आत गेली. मी एक बांगडी चुकीच्या मापात घातली, परत काढली. पण तिला परत हाक मारावी असं मला एकदासुद्धा वाटलं नाही. ते खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी आम्ही दोघींनी कागद लिहून दिले. सोमवारी तोंडी.

हजेरीत माझा सातवा नंबर, तिचा आठवा. सरांनी मला उभं केलं. माझं वाचन बरं होतं, दोन जागा चुकल्या.

"साल?"

"सतराशे पंचाहत्तर, सर. पाचशे नव्याण्णव मिळवले. पत्रात पाऊस आहे, ओढ्याला पाणी आहे, म्हणजे मृगानंतरचा कागद."

"बसा," सर म्हणाले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

वैजू उठली. एकही जागा न अडखळता तिनं चारी ओळी वाचल्या.

"साल?"

"सतराशे शहात्तर, सर. सहाशे मिळवले."

मी मांडीवर हात घट्ट धरून बसले. मनात म्हणाले, झालं.

"सगळा वर्ग पंचाहत्तर म्हणतोय," सर म्हणाले. "पाऊस आहे, त्याचं काय?"

"तो वळवाचा पाऊस आहे, सर. पावसाळ्यातला नव्हे."

"कशावरून?"

"डाळ आणि पन्हं आहे ना वर. कैरीची डाळ, कैरीचं पन्हं. सुवासिनी जमल्यात, चुडा मागवलाय. हे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. कैरी पावसाळ्यात कुठली? आणि चैत्रात वळीव पडला की ओढ्याला पाणी येतंच. दोन वर्षांमागं अक्का आणि मी हळदीकुंकवाच्या बांगड्या भरायला मळ्यातल्या वस्तीवर निघालो होतो, तर ओढ्यापलीकडं दोन तास अडकून पडलो होतो. पेटारा डोक्यावर घेऊन. अक्कांना आठवत असेल."

मला आठवत होतं. दर चैत्रात परातभर डाळ वाटणारी मी. 'डाळ पन्हें' मी वाचलं होतं, आणि खाण्यापिण्याचं म्हणून पुढं गेले होते. मला सालं पाहिजे होती, लढाया पाहिजे होत्या. आणि खरं सांगायचं तर ते आठ दिवस माझे डोळे कागदावर कमी आणि तिच्या वहीवर जास्त होते.

"शाबास!" सर टेबलावर हात मारून म्हणाले. "बावीस जणांत एकटीनं! हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात ते हेच. आणि कासाराच्या घरात तर नाहीच नाही. बरं, हे आधी कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं, सर. मी पण पाचशे नव्याण्णवच धरले होते. अक्कांनी सांगितलं, सहाशे. म्हणाल्या, कारण कागदात आहे, शोध. अक्का म्हणतात म्हणजे असणारच, म्हणून दोन दिवस शोधलं. मग डाळ सापडली."

"अक्कांनी?" सर थांबले. "पण अक्का तर आत्ताच पाचशे नव्याण्णव म्हणाल्या."

खोतमामा सुद्धा 'पुढं चला' म्हणाले नाहीत. मी वर पंख्याकडं बघितलं.

वैजू माझ्याकडं वळली. ती किती वेळ बघत होती? एक बांगडी चढायला लागतो तेवढा वेळ असेल. मी डोळे खाली आणले नाहीत.

मग ती सरांना म्हणाली, "सर, आमच्या घरातनं पुढल्या वर्षी एकीलाच येता येणार आहे. जिला मार्क जास्त, तिला. म्हणून अक्कांनी मला खरं सांगितलं आणि स्वतः चुकीचं लिहिलं. मी पुढं जावं म्हणून."

खोतमामा उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. माणगावे सर चष्मा काढून माझ्या बाकापाशी आले. "शालनबाई," म्हणाले, "अशी जाऊ मी कुठल्या कागदात वाचली नाही. मार्क मात्र मला कापावे लागतील."

"कापा," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार होते? नाही, नाही, मी थोर नाही, मी हिला खड्ड्यात घालायला निघाले होते, असं म्हणू? तोंड उघडलं ते तेवढ्या एका शब्दापुरतं.

परतीच्या एस्टीत वैजूनं खारे दाणे घेतले आणि अर्धे माझ्या ओंजळीत घातले. कुणाच्या तरी लग्नाच्या चुड्याबद्दल बोलत होती. कागदाचं नाव काढलं नाही. मी दाणे खाल्ले.

घरी तिनं मामंजींना तेच सांगितलं. मामंजींनी आपला कापरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि त्यांना रडू आलं. "थोरली ती थोरलीच," म्हणाले. आठ दिवसांत ते पेठेत पसरलं. महिन्यात आसपासच्या गावांत पोचलं. लेकीच्या लग्नाचा चुडा भरायचा तर पहिली बांगडी शालनबाईंच्या हातनं, मोठ्या मनाची बाई आहे, असं म्हणून लोक लांबून यायला लागले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पंचवीस वर्षं मी त्या मोठ्या मनावर धंदा केला.

वैजू बी.ए.ला गेली. रोज सकाळी साडेसातला ती दुकानासमोरून जायची आणि मी फडकं घेऊन काचा पुसायची. बी.ए.ला पहिली आली. तेव्हा मला म्हणाली, "अक्का, आता तुम्ही जा. माझं झालं. मी दुकान बघते." मामंजीही हो म्हणाले. माणगावे सरांनी निरोप धाडला, दाखला अजून चालेल म्हणून.

मी गेले नाही. डोळे अधू झालेत म्हणून सांगितलं. डोळ्यांना काही झालं नव्हतं. तिनं वाढून दिलेलं मला नको होतं, एवढंच. आणि त्या वर्गात जाऊन परत टाळ्या ऐकायच्या? मग तिनं एम.ए. केलं, पुढं पीएच.डी., विषय मोडी कागदांतल्या बायका. जिल्ह्याच्या गावी कॉलेजात लागली. भाऊजी आणि पोरं तिकडंच राहायला गेली. मामंजी गेले. मी आहे तिथंच आहे.

गेल्या वैशाखात तिच्या लेकीचं लग्न होतं. चुडा भरायला ती लेकीला घेऊन माझ्याकडंच आली. तिकडं काय कासार नाहीत? पण नाही, अक्कांच्या हातनं. लेकीचा हिरवा चुडा भरून झाला, पोरगी रीतीप्रमाणं माझ्या पाया पडली आणि बाहेर फोनवर बोलायला गेली. वैजूनं पिशवीतनं एक पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. तिचं नवं पुस्तक. पहिल्या पानावर छापलं होतं, "शालन अक्कांना. त्यांनी आपली जागा मला दिली."

मी पान मिटलं. "हात पुढं कर," म्हणाले. नवरीची आई होती ना, तिला पण भरायच्या होत्या.

चार बांगड्या चढल्या. पाचवी हाडाशी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"वैजू, मी खोटं सांगितलं होतं तुला. सहाशे. तू चुकावंस म्हणून."

तिनं हात काढून घेतला नाही.

"ठाऊक आहे, अक्का."

"कधीपासून?"

"तिथंच. तुम्ही पंख्याकडं बघायला लागलात तेव्हा. पंखा बंद होता."

"मग सगळ्यांना तसं का सांगितलंस? मला उघडं पाडायचं होतंस."

"आणि मग?" ती म्हणाली. "संध्याकाळी एकाच एस्टीनं घरी यायचं होतं की आपल्याला. एकाच चुलीपाशी उभं राहायचं होतं. आणि तुम्ही मला ओढून नेलं नसतं तर मी अजून कणीकच मळत असते. ते काय खोटं आहे?"

खरं म्हणजे तेव्हा मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. आधी आली ती जुनी जळजळ, जशीच्या तशी, पहिल्या कागदाच्या दिवशी आली होती तीच. पंचवीस वर्षं मी एका गोष्टीवर तगून होते. इतकी शिकली, पुस्तकं लिहिली, पण एक गोष्ट अशी आहे की ती मला ठाऊक आहे आणि हिला नाही. ती एक माझी होती. आता ती पण तिची निघाली, आणि त्या वर्गातल्या दिवसापासून.

पाचवी बांगडी अजून हाडाशीच होती.

"हात सैल सोड," मी म्हणाले.

"सैलच आहे, अक्का," वैजू म्हणाली आणि तिनं आपला दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला. "तुमचा कापतोय."